मंगळवारी दुपारी जाऊन बस

नाशिक, रविवार रात्र

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पोरांचे खेळ आणि रेस्टॉरंट एकत्र चालवणाऱ्या ज्या ब्रँडची फ्रँचाइझी तू घ्यायची म्हणतोस, म्हणजे त्यांचं नाव लावून आपल्या पैशाने शाखा काढायची, त्यांचं तू पाठवलेलं माहितीपुस्तक सगळं वाचलं. चष्मा लावून, हातात पेन्सिल घेऊन. गुळगुळीत कागद, फुगे, खिदळणारी पोरं, पिझ्झ्याची तार ओढणारे बाबा, आणि शेवटच्या पानावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय की वरचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. त्याखाली रेघ मारून ठेवली आहे. काल तुझी आई जिन्यात भेटली, म्हणाली, "ताई, त्याला हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण एकदाचं काहीतरी म्हणा." मी आज दोन्ही म्हणणार नाहीये. पैसे तुझे, घर तुझ्या बाबांच्या नावावर. मला दिसतं ते लिहिते.

पहिली गोष्ट. तू त्यांची पुण्यातली शाखा पाहून आलास ती शनिवारी संध्याकाळी सात वाजता. दाराशी चाळीस मिनिटांचं वेटिंग, आत पाय ठेवायला जागा नाही, आणि सोबत कंपनीचा माणूस. तो शनिवारीच नेणार, मी त्याच्या जागी असते तरी शनिवारीच नेलं असतं. महिन्यात शनिवार-रविवार मिळून आठ-नऊ दिवस. भाडं मात्र तिसाही दिवसांचं. तेव्हा एक दिवस रजा टाक, मंगळवारी दुपारी तीन वाजता त्याच शाखेत एकटा जा, कोणाला न सांगता. एक कॉफी घे आणि बंद होईपर्यंत बसून राहा. आत किती पोरं आली, किती टेबलांवर जेवण झालं, किती टेबलांवर नुसते फ्रेंच फ्राईज, सगळं वहीत मांड. पुढचं सगळं त्या वहीवर ठरणार आहे.

आता हिशोब. तुझ्याच कागदातले आकडे घेते. पाथर्डी फाट्याची जागा 6,000 चौरस फूट, भाडं महिन्याला फुटामागे 70 रुपये, मॉलचा देखभालखर्च वर 12. म्हणजे 4 लाख 20 हजार आणि 72 हजार. त्यावर 18 टक्के जीएसटी. एकूण 5 लाख 80 हजार. दिवसाला 19 हजार, शटर उघडायच्या आधीच गेले.

समज, जीएसटी वगळून महिन्याला 20 लाखांची विक्री झाली. 12 लाख खाण्याची, 8 लाख खेळांची. खाण्याचा कच्चा माल 34 टक्के धर, 4 लाख 8 हजार. 22 माणसं, त्यांचा पीएफ, ईएसआय, राहण्याची खोली धरून 4 लाख 30 हजार. वीज 1 लाख 60 हजार. एसी आणि यंत्रं दिवसभर चालणार, मंगळवारीसुद्धा. यंत्रांची दुरुस्ती 60 हजार. गॅस, सफाई, कार्डाचं कमिशन, विमा, सीए मिळून 90 हजार. कंपनीचं नाव वापरायची रॉयल्टी विक्रीच्या 6 टक्के, जाहिरात निधी 2 टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे 1 लाख 89 हजार. वरच्या भाड्यासकट बेरीज कर. हातात राहतात 83 हजार. खेळांच्या वाट्याचा थोडा जीएसटी परत मिळेल, म्हणून सवा लाख म्हण. आणि 1 कोटी 20 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता 2 लाख 2 हजार. सवा लाखातून दोन लाख कसे काढायचे, ते त्यांच्या पुस्तकात नाही. त्यांनी विक्रीच 35 लाख धरली आहे.

आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुझे थोडे वेगळे निघतील. पण त्यातली एक गोष्ट बदलणार नाही. विक्री 5 लाखांनी पडली की कच्चा माल आणि रॉयल्टी मिळून दीड लाख वाचतात, उरलेले साडेतीन लाख सरळ तुझ्या खिशातून जातात. कंपनीचे त्यात किती गेले? रॉयल्टीतले आणि निधीतले मिळून 40 हजार. तिला विक्रीवर टक्के मिळतात, तुझ्या नफ्यावर नाही. म्हणून ती तुला "दोनावर एक फ्री" ठेवायला लावेल, विक्री वाढेल, तिचे टक्के वाढतील, आणि तुझ्या स्वयंपाकघरातलं चीज निदान दीडपट जाईल. यात कोणी लबाड आहे असं नाही. करारच तसा आहे.

जीएसटीचा आणखी एक काटा आहे. आपल्यासारख्या रेस्टॉरंटला खाण्यावर 5 टक्के कर, पण मग भाड्यावर, रॉयल्टीवर, शेगडी-फ्रीजवर भरलेला कर परत मागता येत नाही. खेळांवर 18 टक्के, तिथे मागता येतो. आता वाढदिवसाचं पॅकेज काढलंस, एका पोरामागे 599, खेळ आणि जेवण एकत्र. एकाच किमतीत दोन वेगळ्या गोष्टी बांधल्या की सगळ्यावर मोठा दर लागायची शक्यता असते. पॅकेज छापायच्या आधी सीएकडे बस, नंतर नको.

ही कल्पना कुठून आली माहीत आहे का तुला? 1977 साली कॅलिफोर्नियात, सॅन होजे गावी, अटारी ही व्हिडिओ गेमची कंपनी काढणाऱ्या नोलन बुशनेलने 'चक ई. चीज'चं पहिलं दुकान उघडलं. पिझ्झा भाजून यायला वेळ लागतो, तेवढ्यात पोरांनी यंत्रात नाणी टाकावीत, असा साधा हिशोब. डोकेबाज माणूस. पण तीच कंपनी 1984 मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि ते नाव पुढे ज्यांच्या हाती गेलं त्यांच्यावर 2020 च्या जूनमध्ये पुन्हा तीच वेळ आली. पहिल्या खेपेला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता, दुसऱ्या खेपेला कोरोना. पोरांना खेळ नकोसे झाले असं दोन्ही वेळा घडलं नव्हतं.

आपल्याकडचं कुटुंब तिथल्यासारखं खर्चही करत नाही. आम्ही 2014 मध्ये थाळीच्या हॉलला लागून खेळघर केलं तेव्हा मला वाटलं होतं, पोरं खेळतील आणि मोठी माणसं जेवतील. प्रत्यक्षात आजी पर्समधून डबा काढायची. एक तासाचं कार्ड एकाचं, आणि भाऊ-बहीण अर्धा-अर्धा तास वाटून घ्यायचे. (मी कधी अडवलं नाही, हे म्हणायचे तू अडवायला पाहिजेस. मी नाही अडवलं.) एक पनीर चिली, पाच माणसं, तीन तास. त्यात चूक काहीच नाही, आपणही तसेच वागतो. फक्त तुझ्या कागदावर दर टेबलामागे 1,400 रुपये लिहिलेत, ते कुठल्या कुटुंबाचे ते एकदा विचार.

वर्षाचं पंचांगही बघ. मे महिना आणि दिवाळीची सुट्टी सोनं. पावसाळ्यात घरात कोंडलेली पोरं, तेही बरं. पण जूनमध्ये फी आणि वह्या-पुस्तकांनी आईबापांची पाकिटं रिकामी. श्रावणात तुझं चिकन विंग्ज निम्म्यावर. गणपतीचे दहा दिवस लोक घरात आणि मंडपात. पितृपक्षात वाढदिवसाची पार्टी लोक पुढे ढकलतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. असे कोरडे महिने मोजलेस तर साडेचार-पाच निघतात, आणि त्या महिन्यांचे हप्ते मे महिन्यातच बाजूला काढून ठेवावे लागतात. आम्ही ठेवले नव्हते.

मग मंगळवार भरायचा कसा? दोन गोष्टींनी. एक, वाढदिवस. आमचा एक वाढदिवस चार दिवसांच्या चिल्लर खेळाएवढा पैसा आणायचा, शिवाय आधी ॲडव्हान्स. दुसरी, दुपारच्या भिशी. पोरं शाळेत असतात तेव्हा बारा-पंधरा बायका येतात, मनसोक्त खातात, यंत्रांना हात लावत नाहीत, आणि तीनला शाळा सुटायच्या आत उठतात. असा धंदा उभा करायला आजूबाजूच्या सोसायट्यांतल्या माणसांची नावं माहीत असावी लागतात. ब्रँड तुला नाव देतो, ही ओळख नाही देत. तू नोकरी सांभाळून मॅनेजरवर सोडणार म्हणालास, तिथे मी थांबले. मॅनेजर चांगला मिळाला तर दोन वर्षांत त्याला दुसरा कोणीतरी नेतो.

यंत्रांबद्दल आता. बॉल पूल दिसायला गोड. दर सोमवारी रात्री आम्ही सगळे चेंडू जाळीच्या पिशव्यांत भरून धुवायचो, आणि तळाशी काय सापडायचं ते ऐक: हेअरपिना, चघळलेला वेफर, एक पायमोजा, चिकटलेलं च्युइंगगम, एकदा तर पुढचा दुधाचा दात. दात मी डबीत घालून काउंटरवर ठेवला होता, कोणी मागायला आलंच नाही. बाहुल्या उचलणाऱ्या पंज्याच्या यंत्राचा बोर्ड मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जळला. सुटा भाग चीनहून यायला पाच आठवडे लागले. तोपर्यंत त्यावर "बंद आहे" अशी चिठ्ठी, आणि त्यासमोर हात मागे बांधून उभं असलेलं एक पोरगं, रोज वेगळं. तुझ्या करारात सुट्या भागांचा साठा कोण ठेवणार, बंद यंत्राच्या काळात रॉयल्टीत सूट आहे का, हे कुठेही लिहिलेलं नाही. मी दोनदा शोधलं.

अपघात होतात. आमच्या ट्रॅम्पोलिनवर एका मुलीचे बाबा हौसेने चढले, बाजूची पोर उडून कडेच्या पट्टीवर आदळली, हात मोडला. आईबापांनी सही केलेला कागद आमच्याकडे होता. त्या कागदाचा दवाखान्यात काही उपयोग झाला नाही आणि आमच्या झोपेलाही नाही. तेव्हापासून मोठ्यांना वर बंदी आणि एक मुलगी कायम शिट्टी घेऊन उभी. तिचा पगार तुझ्या कागदात नाही.

आगीबद्दल मात्र मी विनोद करणार नाही. 25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनमध्ये 27 माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. वेल्डिंग चालू होतं, अग्निशमनची परवानगी नव्हती. महाराष्ट्रात 2006 चा अग्निसुरक्षा कायदा आहे, दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. लोक तो घरबसल्या सही करून आणतात, हे तुला माहीत आहे, मलाही. त्या मॉलमध्ये जा, दुसऱ्या मजल्यावरचा तुझ्या जागेमागचा जिना उघड. मी गेल्या आठवड्यात गेले होते. दाराला साखळी होती आणि पायऱ्यांवर कोणाच्या तरी जुन्या खुर्च्या. ते मोकळं होईपर्यंत मॉलवाल्यांना टोकन देऊ नकोस.

करार. आपल्याकडे फ्रँचाइझीसाठी वेगळा कायदा नाही, 1872 चा करार कायदा आणि कागदावर जे लिहिलं असेल ते. अमेरिकेत ब्रँडला सही किंवा पैसे घ्यायच्या किमान 14 दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते, बंद पडलेल्या शाखा आणि सोडून गेलेल्या मालकांची नावं आणि फोन नंबर धरून. इथे ते तुलाच मागावं लागेल. माग. बंद झालेल्या शाखांची यादी दे म्हणावं. चालू शाखांच्या मालकांशी ते स्वतःच फोन लावून देतील, ती माणसं चांगलंच बोलणार. मला गेलेल्यांशी बोलायचं आहे, असं तोंडावर सांग.

आम्ही पूर्वी एका ब्रँडचं दुकान तीन वर्षं चालवलं. नाव सांगत नाही. चीज त्यांच्याच गोदामातून घ्यायचं असं कलम होतं, बाजारापेक्षा किलोला 40 रुपये जास्त. सही करताना मी ते वाचलं होतं आणि 40 रुपयांनी काय होतंय म्हणून सोडून दिलं होतं. आठवड्याला 90 किलो लागायचं. गुणाकार तू कर. तुझ्या करारात पान 14 वर तेच कलम आहे, पान 19 वर पाचव्या वर्षी स्वतःच्या खर्चाने दुकानाचं नूतनीकरण, आणि भांडण झालं तर न्यायालय दिल्लीचं. कर्ज सात वर्षांचं, नूतनीकरण पाचव्या वर्षी. ते पैसे कुठून आणणार, बाबांना विचारलंस का? बँकेने घर तारण मागितलं आहे हे त्यांना तू सांगितलं नाहीस, असं मला तुझ्या आईच्या बोलण्यावरून वाटलं. आजच सांग.

तरीही करावंसं वाटलं तर? तर 6,000 ऐवजी 2,500 फुटांत कर, मॉलच्या बाहेर, शाळांच्या रस्त्यावर, ब्रँडशिवाय. चार यंत्रं, एक मोठी वाढदिवसाची खोली आणि चांगलं स्वयंपाकघर. पोरांसाठी आलेलं कुटुंब परत येतं ते जेवण आवडलं म्हणून, हे मी सहा वर्षं गल्ल्यावर बसून पाहिलंय. 2020 मध्ये आमची यंत्रं भंगारवाल्याने किलोवर नेली. हॉल अजून चालू आहे.

बुधवारी संध्याकाळी ये, मंगळवारची वही घेऊन. करार तुझ्याकडेच असू दे, पण पान 14 आणि 19 ची झेरॉक्स आण, आमच्या वकिलांना दाखवते. आईला सांग, डबा पाठवू नकोस, मी थालीपीठ करणार आहे.

तुझी,
काकू