मानेतल्या गाठीचा एफएनएसी रिपोर्ट ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आला आहे, त्यावर कितपत विसंबावं?

भाऊ 34 वर्षांचा, दोन महिन्यांपासून मानेत अडीच सेंटिमीटरची गाठ आणि एफएनएसीच्या (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासण्याच्या) रिपोर्टमध्ये ‘रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फॉइड हायपरप्लेजिया’, म्हणजे कॅन्सर नसलेली, गाठीतल्या पेशींची साधी वाढ. आता निर्धास्त राहायचं का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यावर तरी नाही. एफएनएसीत रोग सापडला तर तो बहुधा असतोच. सापडला नाही, तर सुईत आलेल्या पेशींत तो दिसला नाही, इतकंच खात्रीने म्हणता येतं.

कुठला रोग शोधतोय यावर बरंच अवलंबून आहे. तोंडाचा कॅन्सर गाठीत उतरला असेल तर परक्या पेशी पटकन नजरेत भरतात. (तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर तोंड आणि घसा नीट तपासून घ्याच.) लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरात) मात्र बिघडलेली पेशी लिम्फोसाइटच, म्हणजे गाठीत एरवीही असणारी पांढरी पेशी असते. फॉलिक्युलर या प्रकारच्या लिम्फोमाच्या लहान पेशी स्लाइडवर साध्या सुजेसारख्या दिसू शकतात, कारण तिथे गाठीची रचना दिसत नाही, सुट्या पेशीच दिसतात. हॉजकिन्स या दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोमात त्याची खूण असलेल्या रीड-स्टर्नबर्ग पेशी तुरळक असतात, आणि गाठ तंतुमय झाली असेल तर सुईत धड काही येतच नाही.

टीबीचं वेगळंच. झेडएन स्टेनमध्ये (टीबीचे जंतू रंगवून दाखवणाऱ्या तपासणीत) जंतू दिसायला एका मिलिलिटरमध्ये ते हजारोंनी लागतात, म्हणून ‘एएफबी निगेटिव्ह’ (असे जंतू दिसले नाहीत) या शेऱ्याने टीबी नाकारता येत नाही. त्याच सुईतलं थोडं मटेरियल साध्या सलाइनमध्ये घेऊन सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि कल्चरला (जंतू वाढवून पाहायला) पाठवायला हवं.

चुका बऱ्याचदा नमुना घेतानाच होतात. साधारण 23 गेजची सुई, दोन-तीन वेगवेगळ्या जागी. मोठ्या गाठीच्या मधोमध घातली तर नुसता पू किंवा मेलेल्या पेशी येतात. तिथे कडेचा भाग घ्यावा, शक्यतो सोनोग्राफीखाली. जोर लावून ओढलं की रक्तच जास्त. काही स्लाइड हवेत चटकन वाळवून जीम्सा रंगासाठी, काही ओल्या असतानाच 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून पॅप रंगासाठी. अल्कोहोलच्या स्लाइडला उशीर झाला की केंद्रकं फुगून फिकट होतात, आणि मग कितीही अनुभवी डोळा असला तरी ठामपणे काही सांगता येत नाही.

रिपोर्टमध्ये ‘अपुरा नमुना’ असेल तर ते निगेटिव्ह धरू नका. गाठींच्या एफएनएसी रिपोर्टचे गट पाडणाऱ्या 2020च्या सिडनी पद्धतीत त्याला एल1 हा वेगळा गट आहे. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ येतं एल2 मध्ये.

तुमच्या भावाच्या बाबतीत दोन महिने आणि अडीच सेंटिमीटर हे मला खटकतं. गाठ कमी होत नसेल, वाढत असेल, गळपट्टीच्या हाडाच्या (कॉलरबोनच्या) वर असेल, किंवा ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यातलं काही असेल तर पुन्हा सुई न टोचता अख्खी गाठ काढून बायोप्सी करायला सर्जनना विचारा. तोवर स्टिरॉइड नको. त्याने लिम्फोमा तात्पुरता विरघळून निदान हुकतं. आणि काढलेली गाठ सगळीच्या सगळी फॉर्मलिनमध्ये टाकू नका, हे ऑपरेशनआधीच बोलून ठेवा: एक तुकडा सलाइनमध्ये गेला तरच टीबीचं कल्चर आणि फ्लो सायटोमेट्री (लिम्फोमासाठी पेशींवरच्या खुणा ओळखणारी तपासणी) करता येते.