नगरपालिकेची जुनी इमारत खरंच धोकादायक आहे का, हे कसं ठरवायचं? ती सोडण्याआधी काय करावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बेळगाव जिल्ह्यातल्या तुमच्या गावात जांभ्या दगडाची, कौलारू जुनी नगरपालिका आहे. आता पालिका गावाबाहेर नव्या इमारतीत जाणार. एक गट म्हणतो हा गावचा वारसा, हात लावू नका. दुसरा म्हणतो इमारत पडायला आलीय, सोडा आणि पाडा. खरं कुणाचं मानायचं?

सगळ्यात आधी एक सांगतो. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत आणि पुढचा वापर ठरावात लिहिला जाईपर्यंत इमारतीला कुलूप लागू देऊ नका. पालिका हलली तर हलू दे, पण ज्या खोल्या सुरक्षित आहेत तिथं रोज दार उघडणारं काहीतरी राहू द्या. घरपट्टी भरायची खिडकी, वाचनालय, काहीही चालेल. मृगाच्या सरीत एखादं मंगळुरी कौल सरकलं तर खाली बसलेला कारकून त्याच दिवशी बोंब मारतो आणि कौल तासाभरात जागेवर बसतं. कुलूपबंद इमारतीत तेच कौल चार महिने तसंच राहतं. रीप भिजते, पाणी वाशावरून ओघळत भिंतीत शिरतं आणि सागवानी तुळईचं टोक जिथं भिंतीत बसवलंय तिथं मुरतं. त्या टोकाला वारा लागत नाही, ते वाळत नाही. काही पावसाळ्यांत आतून भुसा होतो. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, रंगही शाबूत असतो, आणि एक दिवस ती खाली येते. मग सगळे म्हणतात, जुनी होती, पडली.

धोका आहे म्हणणाऱ्यांना मात्र खोटं पाडू नका. म्हैसूरला २०१२ मध्ये लॅन्सडाउन बिल्डिंगचा भाग कोसळून माणसं गेली, २०१६ मध्ये देवराज मार्केटचा भाग पडला. दोन्ही घटना ऐन ऑगस्टातल्या, आणि नंतर पाडायचं की दुरुस्त करायचं हा वाद वर्षानुवर्षं चालला. उलट मुंबई महापालिकेची मुख्य इमारत १८९३ची, तिथं आजही कारभार चालतो. तेव्हा नुसत्या वयावरून काहीच ठरत नाही.

इंजिनिअरने एक फेरी मारून ‘आयुष्य संपले’ असा शेरा मारला, तर ती तपासणी नव्हे. भेगांचं काय केलं ते विचारा. भिंतीतून आरपार गेलेल्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवतात आणि तारीख लिहितात. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काच शाबूत राहिली, तर ती भेग बहुधा जुन्या खचण्याची आहे, ती बुजवता येते. तुळयांचं काय केलं? हातोडीने ठोकल्यावर धड लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. भिंतीपासून वीतभर अंतरात टोच्या खुपसून बघायचा. सहज बोटभर आत गेला तर टोक गेलं. तरीही अख्खी तुळई काढावी लागत नाही. खाली टेकू देऊन कुजका भाग कापतात, नवं सागवान सांधतात आणि दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळतात.

लाकडापेक्षा मला लोखंडाची काळजी जास्त वाटते. मुंबई इलाख्याच्या काळातल्या पुष्कळ सरकारी इमारतींत मजल्याखाली लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामधे विटांच्या बुटक्या कमानी आहेत. गर्डर गंजला की गंज फुगतो, शेजारच्या विटा ढकलतो आणि खालून चुन्याच्या पापड्या पडायला लागतात. हे दिसलं तर त्या खोलीत कुणाला बसू देऊ नका. गर्डरची किती जाडी उरलीय ते यंत्राने मोजून घ्या. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.

आणि वजन. हे कुणाच्या ध्यानात येत नाही. ऑफिसच्या मजल्यासाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण २५० ते ४०० किलो भार धरतात, फाइलींच्या खोलीला ५००. कागद किती जड असतो ते बघा: पाचशे कागदांचं ए-फोरचं एक पुडकंच सव्वादोन किलोच्या आसपास भरतं. बस्त्यांनी, म्हणजे फाइलींच्या गाठोड्यांनी, ठासून भरलेलं पुरुषभर उंचीचं लोखंडी कपाट अंदाजे ३०० किलोच्या पुढं जातं, आणि ते उभं असतं अर्ध्या चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. अशी दहा कपाटं माडीवर, त्यातही तुळईच्या मधोमध लावली, तर मजला झोल खाणारच. मग त्या झोलाकडं बोट दाखवून इमारत मोडकळीस आली असं लिहितात. फाइली तळमजल्यावर आणा, मग माडी मोजा.

पूर्वीच्या दुरुस्त्यांनीही घात केलेला असतो. जांभा सच्छिद्र दगड, त्यात ओल शिरते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. त्यावर कुणीतरी सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते, क्षार फुटतात, जोत्यापासून कमरेपर्यंत भिंतीचे पोपडे निघतात. पुन्हा सिमेंट मारलं की पुन्हा तेच. ते सगळं खरवडून चुनाच वापरायला हवा: कळीचा चुना भिजवून किमान तीन आठवडे मुरवायचा, एकास दोन किंवा तीन वाळू, थर १२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि वर ओली गोणपाटं निदान दोन आठवडे. कामाचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिलच्या उन्हात गिलावा वरून वाळतो, आत कच्चा राहतो आणि तडकतो. कौलांसाठी शंभर चौरस फुटांना सुमारे १४० धरा, वर दहावा हिस्सा फुटीसाठी.

अंदाजपत्रक नेमकं इथंच बिघडतं. नेहमीच्या दरपत्रकातून सिमेंटच्या बाबी सरसकट उचलल्या जातात, टेंडर सगळ्यात कमी बोलीवाल्याला जातं, आणि त्याने चुना कधी हाताळलेला नसतो. म्हणून चुन्याच्या कामाची बाब वेगळी लिहायला लावा आणि पूर्वी असं काम केल्याची अट घालायला लावा. नवी इमारत विरुद्ध दुरुस्ती असा खर्च मांडला असेल, तर नव्याच्या बाजूला जागा, रस्ता आणि पाडकाम धरलंय का तेही बघा. म्हाताऱ्या माणसांना तिथवर जायला रिक्षाचे किती पडतील, हाही खर्चच आहे.

कायद्याचं थोडक्यात. गावाने वारसा म्हटलं म्हणून इमारतीला संरक्षण मिळत नाही, त्याला अधिसूचना लागते. केंद्राच्या १९५८च्या प्राचीन स्मारक कायद्यात निदान शंभर वर्षांची अट आहे. राज्याचा कायदा १९६१चा, आणि राज्य पुरातत्त्व खात्याचं मुख्यालय म्हैसूरला. एक मुद्दा मात्र सभेत जरूर मांडा: केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे असं संरक्षित जैन मंदिर आहे, तशा जागेजवळ जुनी इमारत पाडली तर तिथं नवी उभीच राहणार नाही. दुरुस्तीला मात्र परवानगी मिळू शकते.

माहिती अधिकारात तपासणी अहवाल, पाडण्याचा ठराव, अंदाजपत्रक आणि मागच्या दुरुस्त्यांची बिलं मागा. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. हा अर्ज मराठीत देऊ नका. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं आहे, तेव्हा कन्नडात किंवा इंग्रजीत लिहा. निवेदनाचं वेगळं. घटनेच्या ३५०व्या कलमाने गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येतं, ते खुशाल मराठीत द्या, सोबत कन्नड प्रत जोडा. सह्या दोन्ही भाषकांच्या घ्या. आपल्याकडं कुठलाही प्रश्न सीमावादात ओढला की मूळ काम बाजूला पडतं, आणि छप्पर गळतं ते सगळ्यांवरच.

आता माझ्या जिवाशी असलेली गोष्ट, दप्तर. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुन्या पालिकांत जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरांचे उतारे, सभांची इतिवृत्तं मराठीत, काही तर मोडी लिपीत सापडतात. आजोबांचा जन्म कुठल्या गल्लीतला, घर कुणाच्या नावावर होतं, हे त्या वह्यांतच असतं. सामान हलवताना या वह्या गोणीत भरतात आणि गोणी रद्दीत जाते, कारण उचलणाऱ्याला त्या वाचता येत नाहीत. म्हणून हलवण्याआधी प्रत्येक वहीची यादी करा: वर्ष, विषय, लिपी, पानं. यादीवर मुख्याधिकाऱ्यांची सही घ्या. दर पानाचा फोटो काढताना वही पूर्ण उघडून दाबू नका, शिवण तुटते; दोन्ही बाजूंना उशा ठेवून अर्धवटच उघडा. वाळवी लागलेल्या वह्या वेगळ्या ठेवा, चांगल्यांत मिसळू नका. दारावरच्या कोनशिलेचा तिरप्या उजेडात, सकाळी किंवा संध्याकाळी फोटो घ्या, म्हणजे झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. ती कोनशिलाही यादीत लिहा.