पाटल्या ताईच्या हातात द्या

पत्र: आई वारली तेव्हा तिच्या चार तोळ्यांच्या पाटल्या माझ्याकडे होत्या. दवाखान्याचं बिल भागवायला त्या मोडल्या, असं मी मोठ्या बहिणीला सांगितलं. खरं तर बिल विम्यात भागलं आणि पाटल्या माझ्या कपाटात आहेत. आईचं सगळं मीच केलं होतं, म्हणून तेव्हा काही वाटलं नाही. आता तीन वर्षं रोज रात्री रडून क्षमा मागते, पण शांती नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेतात त्या दिवशी, मी मुद्दाम संडे स्कूलची मुलं सांभाळायला बसते. यजमान मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कमिटीवर आहेत, कुणाला कळलं तर? माझं पाप माफ होण्यासारखं नाहीच का?
– एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

प्रिय भगिनी, ख्रिस्तात सलाम.

माफ होण्यासारखं आहे. १ योहान १:९ पुन्हा वाचा. पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, असं तिथे आहे; 'अमुक पाप वगळून' अशी अट त्यात कुठे नाही. मी अडखळले ते दुसरीकडेच. तीन वर्षं तुम्ही देवापुढे रडताय, आणि देवाला तर हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. जिला ठाऊक नाही, तिच्याकडे तुम्ही अजून गेलेल्याच नाहीत.

जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा सहावा अध्याय काढा. प्रवचनात तो फारसा येत नाही. दुसऱ्याची ठेव दाबली आणि वर खोटं बोललं तर काय करायचं, ते तिथे हिशेबासकट दिलंय: वस्तू पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा, आणि दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण, देवापुढे आणायचं त्याच दिवशी ती मालकाच्या हाती. जकातदार जक्कयही प्रभूसमोर नुसता गळा काढत बसला नाही. उभा राहून म्हणाला, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट देतो. डोंगरावरच्या प्रवचनात तर प्रभू सांगतो, वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. तुम्ही त्यातलं अर्धंच केलंत. अर्पण ठेवलंत, म्हणजे प्रभुभोजनापासून थांबलात, पण ताईकडे जायचं राहिलं.

तुमचे अश्रू खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण 'प्रभू, मी फार पापी आहे' म्हणणं त्या मानाने सोपं असतं हो. 'ताई, पाटल्या मोडल्याच नाहीत' हे म्हणताना जीभ टाळूला चिकटते.

प्रभूचे दोन शिष्य, यहूदा आणि पेत्र, एकाच रात्री घसरले: यहूदाने पैसे घेऊन प्रभूला धरून दिलं, पेत्राने 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं. यहूदालाही पस्तावा झाला, तीस रुपये त्याने परतसुद्धा केले. पण गेला तो याजकांकडे, आणि त्यांनी 'तुझं तू बघ' म्हणून त्याला झटकून टाकलं. पेत्र ढसाढसा रडला, तरी इतर शिष्यांना सोडून गेला नाही. म्हणून तर पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजणाऱ्या प्रभूला तो त्यांच्यातच भेटला. तुम्ही मंडळीपासून बाजूला बसू लागलात, त्याचीच मला पाटल्यांपेक्षा जास्त काळजी वाटते.

आता करायचं काय? आधी यजमानांना सांगा. कमिटीचं नंतर बघू, पण नवऱ्याला हे बाहेरून कळता कामा नये. मग ताईकडे स्वतः जा. फोनवर नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच, आणि नाताळच्या जेवणाला सगळं गोत जमलेलं असताना मुळीच नको. दोन्ही पाटल्या तिच्यापुढे ठेवा, वाटणीचं तिला ठरवू द्या. आईचं सगळं तुम्ही केलंत, हे खरं असेल. कुणी त्याची कदर केली नाही, हे दुखणंही खरं असेल. त्यावर पुढे कधीतरी दोघी बोला, पण त्या दिवशी तो विषय काढायचा नाही. एकदा काढलात की कबुलीची वकिली होते.

मंडळीत उभं राहून साक्ष देण्याची गरज नाही. फसवलंत बहिणीला, कबुलीही तिच्यापाशीच. पाळकांशी एकांतात बोललात तर बरं, आणि त्यानंतर प्रभुभोजन टाळायचं नाही.

ताई चिडेल. कदाचित सहा महिने बोलणार नाही, तो तिचा हक्क आहे. तुम्ही मन मोकळं केलंत म्हणून तिने लगेच गळ्यात पडावं, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नका. देवाची क्षमा तिच्या उत्तरावर अडलेली नाही. ती 'का केलंस?' एवढं मात्र विचारेलच. त्याचं गुळगुळीत उत्तर घोकून जाऊ नका. हाव सुटली होती, तर हाव सुटली होती असंच सांगा.