मोदकांची चोरी आणि शिरोरेघ नसलेली चिठ्ठी

प्रश्न : आमच्या वाड्यातील मुलांना वाचून दाखवण्यासाठी मी एक विनोदी रहस्यकथा लिहिली आहे. तिची नायिका मनू ही 10 वर्षांची हौशी गुप्तहेर आहे. गणेशचतुर्थीला नैवेद्याच्या 21 मोदकांपैकी 3 नाहीसे होतात आणि शेवटी ते मधुमेह असलेल्या आप्पाआजोबांनी खाल्ल्याचे उघड होते. विनोदासाठी मी मध्ये माकडाने चष्मा पळवल्याचा आणि काका चिखलात घसरल्याचा प्रसंग घातला. मुले तेथे हसली, पण चोर कोण हे त्यांनी दुसऱ्याच पानावर ओळखले आणि नंतर कोणाचे लक्ष राहिले नाही. माझे काय चुकले? गोष्ट वडोदऱ्याऐवजी पुण्यात घडवावी असेही काही जण सुचवतात.
– एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्या गोष्टीतील माकड आणि चिखल हे दोन्ही प्रसंग काढून टाकले तरी मनूच्या तपासात काहीही बदल होत नाही. माझ्या मते दोष नेमका तेथे आहे. मुलांसाठी लिहिलेल्या रहस्यकथेत हसू आणि दुवा एकाच जागी असावे लागतात, कारण मूल ज्या गोष्टीला हसते तिच्याविषयी त्याला शंका येत नाही, आणि म्हणून महत्त्वाचा दुवा लपवण्यासाठी हशासारखी दुसरी सोयीची जागा लेखकाला सापडत नाही.

आपल्याच साहित्यातून हे करून पाहू. मोदक कमी झाले तर चोरी लगेच कळते आणि घरात गोड खाण्याची बंदी कोणाला आहे हे मुलांना ठाऊकच असते, म्हणून त्यांनी आप्पांचे नाव घेतले. त्याऐवजी मोदक 21 चे 21 च राहू द्या. आप्पांनी 3 मोदक खाऊन उरलेल्या उकडीचे 3 पोकळ मोदक वळून ताटात ठेवले आहेत, असे समजा. आजीच्या मोदकाच्या कळ्या नाजूक, सारख्या अंतरावर आणि वर टोकाशी नीट मिटलेल्या असतात; या तिघांच्या मात्र जेमतेम पाच-सहा कळ्या, त्याही जाड, आणि टोकाला अंगठ्याने दाबलेला खळगा. घरातील सगळे ते बेढब मोदक पाहून खो-खो हसतात आणि पहिल्यांदाच मोदक वळायला बसलेल्या काकूंची थट्टा करतात. वाचकही हसतो आणि पुढे जातो. आरतीनंतर पाहुण्यांनी मोदक फोडला आणि आत सारणच नाही असे दिसले, म्हणजे गोष्टीला खरी सुरुवात होते, आणि काकूंवर विनाकारण आळ आल्यामुळे मनूला तपास करण्याचे सबळ कारणही मिळते.

दुसरा दुवाही हसण्यातूनच द्यावा. उकड मळताना हाताला तेल लागते, आणि तेलाचा हात वर्तमानपत्राला लागला की कागद तेथे पारदर्शक होतो. आप्पा तोंडासमोर वर्तमानपत्र धरून बसले आहेत, समोर उभ्या नातवाला बातमीच्या मधूनच मागच्या पानावरच्या जाहिरातीची उलटी अक्षरे दिसतात आणि तो ती मोठ्याने उलटीच वाचून दाखवतो. हा प्रसंग लहान मुले पुन्हा पुन्हा वाचायला सांगतील. शेजारच्या मासींनी सकाळीच फाफड्यांचा पुडा आणून दिला असल्यामुळे डागांचा दोष त्या पुड्यावर जातो. मनूच्या मात्र लक्षात येते की पुडा कागदावर ठेवला असता तर डाग मध्यभागी पडला असता. हे डाग दोन आहेत, समोरासमोरच्या दोन कडांवर आहेत आणि जेथे माणूस वर्तमानपत्र धरतो नेमके तेथे आहेत. येथे मनू हुशार ठरते ती केवळ नीट पाहिल्यामुळे, आणि जे तिने पाहिले ते वाचकानेही पाहिलेले असते.

हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेचे 10 नियम मांडले होते. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच झालेला असावा आणि गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापुढेही ठेवलेला असावा, हे त्यांतील दोन नियम बालवाचकांच्या बाबतीत तर कसोशीने पाळावेत, कारण आपल्याला फसवले गेले असे वाटलेले मूल त्या लेखकाचे दुसरे पुस्तक सहसा उघडत नाही.

गोष्ट पुण्यात मुळीच नेऊ नका. ज्या वडोदऱ्यात पावसाळ्यात विश्वामित्री नदीच्या मगरी वस्तीत येतात, तेथे वाड्याच्या बोळात काही सरपटल्याचा आवाज झाला की मगरीवर संशय घेणे मुलांना अगदी स्वाभाविक वाटेल. कमाटीबागेतील संग्रहालयात निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे, आणि खालच्या मजल्यावर उजेड पोहोचावा हा तिचा हेतू आहे. वर कोणी चालू लागले की खाली उभ्या असलेल्या मनूच्या डोक्यावरून सावली सरकत जाईल. हे ग्रंथालय सयाजीराव महाराजांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या साहाय्याने उभे केले. अशी जागा हाताशी असताना ती सोडून देणे मला फार चुकीचे वाटते.

प्रश्न : माझ्या गोष्टीतला गुप्तहेर सातवीत आहे. त्याला बोटांचे ठसे घ्यायचे आहेत, पण बाबा म्हणतात की हे काम पोलिसांचे आहे. मग त्याने काय करावे?
– इयत्ता सातवीचा विद्यार्थी, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : ठशांचे शास्त्र आपल्या देशाशी जवळून जोडलेले आहे, हे तू बाबांना जरूर सांग. जगातील पहिले ठसे विभागाचे कार्यालय 1897 मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत तयार करण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. घरी करून पाहायचे असेल तर पेन्सिलीचे शिसे किसून त्याची पूड कर, स्टीलच्या डब्याच्या झाकणावर ती मऊ कुंचल्याने हलकेच पसरव, ठसा दिसू लागला की त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून ती पांढऱ्या कागदावर चिकटव. कुंचला जोरात फिरवलास तर ठसा पुसून जाईल.

तरीही ठसे ओळखण्यापेक्षा एक सोपा आणि अस्सल वडोदऱ्याचा दुवा मी तुला सुचवतो. तुझ्या वर्गात गुजराती माध्यमातून शिकलेला एखादा मराठी मित्र असेल, तर त्याची मराठी वही उघडून पाहा. गुजराती लिपीत अक्षरांवर शिरोरेघ नसते, त्यामुळे ती लिपी आधी शिकलेली मुले घाईत मराठी लिहिताना शिरोरेघ द्यायची विसरू शकतात. तुझ्या गुप्तहेराला धमकीची चिठ्ठी मिळू दे. तिच्यावर ‘तुझा डबा आता माझा आहे’ एवढेच लिहिलेले असावे, त्याने घाबरून ती साऱ्या वर्गाला दाखवावी, आणि सगळ्यांनी तिच्यातील शुद्धलेखनाच्या चुकांवर हसावे. शिरोरेघ नाही हे मात्र त्याला रात्री, स्वतःची वही समोर ठेवल्यावर, दिसावे. फक्त अशी सवय असलेली निदान 3 मुले तुझ्या गोष्टीत ठेव, नाहीतर तपास त्याच क्षणी संपेल.

प्रश्न : मुलांच्या रहस्यकथेत खून असावा का आणि चोराला शिक्षा व्हावी का?
– एक आजोबा, रावपुरा, वडोदरा

उत्तर : विनोदी कथेत खून नको; हरवलेला डबा, बदललेली छत्री, रोज रात्री आपोआप वाजणारी घंटा एवढे पुरे. शिक्षेपेक्षा ज्याच्यावर खोटा आळ आला त्याची सर्वांसमोर क्षमा मागितली जाणे मुलांना अधिक हवे असते, म्हणून वरच्या कथेत आप्पांनी काकूंसमोर येऊन चूक कबूल करावी आणि आजीने पुढच्या संकष्टीला त्यांनाच मोदक वळायला बसवावे.

प्रश्न : वाचून दाखवताना एखाद्या मुलाने शेवट आधीच ओरडून सांगितला तर काय करावे?
– वरील शिक्षिका

उत्तर : पुस्तक मिटून त्यालाच विचारावे, की तुला कसे कळले? त्याने वर्तमानपत्राच्या दोन कडांचे नाव घेतले तर त्यालाच उरलेली गोष्ट सांगू द्यावी. ‘आजोबांना गोड आवडते म्हणून’ एवढेच उत्तर आले, तर आपल्याला काकूंवरचा संशय अजून दाट करायला हवा.