टीव्ही मध्येच बंद पडतो

प्रश्न : सहा वर्षं वापरलेला ४३ इंची एलईडी टीव्ही हल्ली चालता चालता बंद पडतो. कधी वीस मिनिटांत, कधी तासाभराने. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. पॅनेल गेलं असेल का?

उत्तर : पॅनेलवर एवढ्यात संशय घेऊ नका. ते बिघडलं की बहुधा रेघा किंवा डाग दिसतात. टीव्ही किती वेळाने बंद होतो, यावरून बराच उलगडा होतो. दर वेळी ठरावीक वेळेलाच बंद होत असता, तर स्लीप टायमर किंवा वीजबचतीची सेटिंग तपासा म्हटलं असतं. तुमची वेळ बदलते आहे, तेव्हा बाहेरच्या गोष्टी आधी बाद करू.

सेट-टॉप बॉक्ससकट सगळ्या एचडीएमआय केबल काढा (बॉक्स बंद झाला की सीईसीमुळे, म्हणजे एचडीएमआयवरून एका यंत्राने दुसरं चालू-बंद करण्याच्या सोयीमुळे, टीव्हीही बंद होऊ शकतो). रिमोटचे सेल काढून ठेवा आणि पेनड्राइव्हवरचा व्हिडिओ लावा. एक्स्टेन्शन बोर्ड नको, प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये घाला. आता टीव्ही बंद पडेल तेव्हा स्टँडबायचा दिवा बघा. तोही विझला, तर प्लग, वायर किंवा सॉकेट सैल असण्याची शक्यता मोठी. दिवा लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकतो ते मोजून ठेवा. अनेक मॉडेलांत तो बिघाडाचा संकेत असतो आणि त्याचा अर्थ सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो.

एवढं करूनही टीव्ही तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू होत असेल, तर पॉवर सप्लाय बोर्ड तपासून घ्या. तिथले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे डबीसारखे भाग) उष्णतेने आतून सुकतात, व्होल्टेज डगमगतं आणि संरक्षण सर्किट टीव्ही बंद करतं. कपॅसिटरचा माथा फुगलेला दिसला तर तो बदलायचाच. मात्र माथा सपाट आहे म्हणून तो चांगला, असं समजू नका. ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) मोजणाऱ्या मीटरने तपासा. नवा घेताना मायक्रोफॅरड (क्षमता) तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा आणि लो-ईएसआर प्रकारचा घ्या. पट्टी असलेली बाजू ऋण, ती उलटी लावू नका. बोर्डावरचे सोल्डरचे जोडही भिंगातून बघा. तडा गेलेला जोड तापल्यावर सुटतो आणि लक्षणं हीच दिसतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्लग काढल्यावरही सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब शिल्लक राहू शकतो. तो मीटरने मोजून सुरक्षितपणे उतरवण्याचा सराव नसेल, तर मागचं झाकण उघडू नका. हे काम तंत्रज्ञालाच द्या.

प्रश्न : टीव्ही लावला की दोन सेकंद चित्र दिसतं, मग पडदा काळा होतो. आवाज चालू राहतो. हाही सप्लायचाच दोष का?

उत्तर : बहुतेक बॅकलाइटचा, म्हणजे पडद्याला मागून उजेड देणाऱ्या एलईडींच्या पट्ट्यांचा. खोलीत अंधार करा आणि टॉर्च पडद्याजवळ तिरकी धरा. पुसट चित्र हलताना दिसलं, तर निदान जवळजवळ पक्कं. पट्ट्यांवरचे एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. एक जळून जोडणी तुटली की त्यांना वीज पुरवणारं ड्रायव्हर सर्किट सगळी ओळ बंद करतं. दुरुस्तीत एकच एलईडी बदलला तर बाकीचे जुने थोड्याच काळात जाऊ शकतात, म्हणून पट्ट्यांचा पूर्ण संच बदलून घ्या. त्यासाठी पॅनेलची काच उचलावी लागते आणि ती सहज तडकते, त्यामुळे हे काम एकट्याने करू नये. नंतर बॅकलाइट १०० वर न ठेवता ६०-७० वर ठेवा. एलईडी कमी तापतात आणि जास्त टिकतात.