वडिलांचा खोकला महिनाभर थांबत नाही, थुंकीत टीबी सापडला नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर कसा ओळखायचा? (तासगाव, जि. सांगली)

टीबी नाही म्हटल्यावर घरचे निर्धास्त होतात, आणि तिथेच वेळ जातो. तुमच्याच भागात दवाखाना चालवताना मी हे वारंवार पाहतो. द्राक्षबागेतल्या फवारणीचा खोकला समजून सिरपच्या बाटल्या बदलत राहतात.

खोकला 3 आठवड्यांहून जास्त टिकला, किंवा बिडी ओढणाऱ्याचा जुना खोकला एकाएकी बदलला, तर एवढ्यावरच छातीचा एक्स-रे काढा. थुंकीत रक्ताचा एक धागा दिसला तरी थांबू नका. बसलेला आवाज, घटणारं वजन, खांद्यातलं सततचं दुखणं, त्याच जागी पुन्हा होणारा न्यूमोनिया हेही डॉक्टरांना सांगा. बोटांची टोकं फुगून नखं घुमटासारखी झालीत का, हे तर घरीच पाहता येतं.

एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे सुटलो असं नाही. लहान गाठ हृदयाच्या सावलीआड लपते. त्रास राहिलाच तर सांगली-मिरजेत छातीच्या डॉक्टरांना दाखवा, सीटी स्कॅनबद्दल विचारा. थुंकी निगेटिव्ह असताना एक्स-रेतल्या नुसत्या डागावरून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या असतील, तर बायोप्सी (त्या जागेचा छोटा तुकडा काढून तपासणं) लागेल का हेही स्पष्ट विचारा.

आणि हो, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आईचा खोकलाही असाच तपासून घ्या. बिडी न ओढताही हा आजार होतो.