खात्यातून न विचारता एसीएचने पैसे कापले. बँक परत देते का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात बाबांच्या पेन्शन खात्यातून तीन महिने 'एसीएच डी' (खात्यातून आपोआप होणारी कपात) म्हणून 850 रुपये कापले गेले, बाबांनी कुठंच सही केलेली नाही आणि शाखा म्हणते, 'कंपनीला विचारा'. कंपनीला हवं तर विचारा, पण पैसे बँकेकडेच मागा. खातं बँकेत आहे.

माझ्या आईचं असंच झालं होतं. महाल भागातली शाखा. पासबुक छापून आणलं तेव्हा चार एन्ट्र्या दिसल्या. काउंटरवरचा म्हणाला, "काकू, तुम्हीच कुठं तरी सही केली असन." दोन चकरा नुसत्या बोलण्यात गेल्या. तिसऱ्या वेळी लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला. मागणी एकच: ज्या मॅन्डेटवर, म्हणजे पैसे कापायच्या सहीनिशी परवानगीवर, पैसे कापले, त्याची प्रत दाखवा. प्रत आली. त्यावर झोकदार इंग्रजी सही! आई जन्मभर मराठीत सही करते, तीही आडनावातल्या 'ळ'पाशी थबकत. तुमच्याकडच्या नमुना सहीशी ताडून बघा म्हटलं. मॅनेजरसाहेबांनी स्क्रीनवर बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग कंपनीचं नाव कोणी काढलं नाही.

यामागचा आधार म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकातून आलेले नियम. नुकसानीला ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करायचं काम त्यांत बँकेवर टाकलं आहे, आणि अर्जात हे वाक्य नक्की घाला. चूक बँकेची असेल तर ग्राहकाचं नुकसान शून्य, कळवायला उशीर झाला तरी. चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कुणाची असेल, तर मात्र दिवस मोजले जातात: बँकेकडून व्यवहाराची माहिती मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर पूर्ण पैसे परत, 4 ते 7 दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंतचा भार तुमच्यावर, त्यापुढे बँकेचं धोरण. म्हणून मोबाईलवर मेसेज येत होते का, हे आधी बाबांना विचारा. आईचा जुना नंबर बंद पडलेला होता, त्यावरून बरीच घासाघीस झाली. कळवल्यापासून 10 कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची आणि 90 दिवसांत निकाल लावायचा, हेही त्याच नियमांत आहे.

एक खरं सांगतो, राग मानू नका. कर्ज घेताना, विमा काढताना बाबांनी कागदांच्या गठ्ठ्यात सही केली असेल, तर हा मार्ग चालत नाही. मग भांडण कंपनीशीच. तरी मॅन्डेट बंद करायचा अर्ज बँकेत देता येतोच, त्यावर मॅन्डेटच्या प्रतीतला यूएमआरएन (मॅन्डेटचा ओळख क्रमांक) टाका. यूपीआय ऑटोपे असेल तर ॲपमध्येच रद्द होतं, शाखेत जायची गरज नाही.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. मी तेव्हा कागद घेऊन थेट संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीकडे निघालो होतो. तिथं काही होत नाही, भाऊ. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर भरायची. कागदावर पाठवली तर ती चंदीगडला जाते. अडलं तर 14448 वर फोन करा.

आईला पैसे मिळाले, पण तात्पुरते जमा झालेले काही दिवस काढता येईनात. तेव्हा रक्कम पासबुकात दिसली म्हणून तक्रार मागे घेतल्याची सही लगेच करू नका, शाखेतून तोच कागद पुढं सरकवतात.